चोराआधी कारखान्याला विचारा

2024 च्या सुरुवातीला कॅनडातल्या टोरांटोमध्ये पोलिसांनी नागरिकांची एक बैठक घेतली. विषय होता घरफोड्या आणि गाड्यांच्या चोऱ्या. एका पोलीस अंमलदाराने तिथे सल्ला दिला, की गाडीची चावी रात्री घराच्या दारापाशीच ठेवत जा. चोर येतात ते गाडीसाठी. चावी हाताशी मिळाली तर निदान घरात तरी घुसणार नाहीत. या सल्ल्याची जगभर टिंगल झाली आणि पोलीस दलाला खुलासा करावा लागला. टिंगल रास्तच होती. पण त्या अंमलदाराने नवे काहीच सांगितले नव्हते. गाडी वाचवणे ही मालकाची जबाबदारी, हा सगळीकडे मुरलेला समज त्याने फक्त शेवटच्या टोकापर्यंत नेला.

आपल्याकडेही गाडी गेलेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढला की पहिला प्रश्न येतो, “कुठे लावली होती?” दुसरा, “हँडल लॉक केलं होतं ना?” घरी परतल्यावर शेजारचे काका तिसरा विचारतात, “रस्त्यावर लावायचीच कशाला?” चोराबद्दल कुणी काही विचारत नाही आणि गाडी बनवणाऱ्याचे तर नावही निघत नाही.

या समजाचा पूर्वपक्ष नीट मांडायचा तर तो असा: वाहनचोरी होते ती मालकाच्या बेफिकिरीमुळे आणि चोराच्या हुशारीमुळे. काही गाड्या चोरांच्या लाडक्या असतात, त्या घेऊ नयेत. आणि बिनचावीची, संगणकावर चालणारी नवी गाडी घेतली की काळजी मिटली. तिन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे, म्हणून तर ती टिकून आहेत. चावी लटकत ठेवून दुधाची पिशवी आणायला उतरणारे लोक आहेतच. पण थोड्या तथ्यावर केवढा दोष कुणाच्या माथी मारायचा, याचा हिशेब कुणी करत नाही. तो करायचा तर अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात जायला हवे.

2021 साली मिलवॉकीत दहा हजारांहून जास्त गाड्या चोरीला गेल्या. आदल्या वर्षीच्या दुपटीहून हा आकडा मोठा, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश गाड्या ह्युंदाई आणि किया या दोनच कंपन्यांच्या. ना त्या महागड्या होत्या, ना रुबाबदार. चोर होते बहुतांशी पोरसवदा, काहींना तर गाडी चालवण्याचा परवाना मिळायचेही वय नव्हते. त्यांची कारागिरी अशी: मागची काच फोडायची, स्टीअरिंगखालचे प्लास्टिकचे आवरण उचकटायचे, चावीचा सिलिंडर ओढून काढायचा आणि आत उघड्या पडलेल्या खुंटीवर मोबाइल चार्जिंगच्या यूएसबी केबलचे टोक बसवून फिरवायचे. गाडी चालू. या गाड्यांच्या मालकांनी काचा लावल्या होत्या, दारे बंद केली होती, चाव्या खिशात होत्या. बेफिकिरी शोधायची ती नेमकी कुणाची?

इमोबिलायझर नावाचा एक साधा भाग असतो. चावीच्या मुठीत चिप असते आणि तिची ओळख पटल्याशिवाय गाडीचा संगणक इंजिन चालूच होऊ देत नाही. 2015 सालच्या मॉडेलांचा हिशेब अमेरिकेतल्या विमा क्षेत्राच्या एका संशोधन संस्थेने मांडला आहे. इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांत हा भाग मुळातच बसवलेला होता. ह्युंदाई-कियाच्या फक्त 26 टक्के गाड्यांत. कियाच्या 2011 ते 2021 आणि ह्युंदाईच्या 2015 ते 2021 मधल्या, चावी फिरवून सुरू होणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांत तो सर्रास वगळलेला होता. सीमेपलीकडच्या कॅनडात मात्र याच कंपन्यांच्या याच नावाच्या गाड्यांत तो होता, कारण तिथल्या कायद्याने सप्टेंबर 2007 पासून त्याची सक्ती केली होती. म्हणजे ज्ञान होते, सुटा भाग होता, तो बसवणारे हातही होते. अमेरिकेत सक्ती नव्हती, एवढेच.

यावर कंपन्यांच्या बाजूने उत्तर येते, की चोरी पोरांनी केली आणि ती कशी करायची हे समाजमाध्यमांनी शिकवले. कारखान्याचा काय दोष? 2022 मध्ये टिकटॉकवरच्या चित्रफितींनी ही युक्ती देशभर पोचवली हे खरेच आहे. तिच्यातून जीवही गेले. फेब्रुवारी 2023 पर्यंत किमान 14 अपघात आणि 8 मृत्यू अमेरिकी वाहतूक सुरक्षा यंत्रणेने नोंदवले होते. चोराचा गुन्हा कुणी नाकारत नाही. पण पुढे काय घडले ते पाहावे. आधी ह्युंदाईने 170 डॉलरचा सुरक्षा संच विकायला काढला, बसवण्याची मजुरी वेगळी. कारखान्याने जे वाचवले ते गिऱ्हाइकाकडूनच वसूल करण्याचा हा धीटपणा! ओरड वाढल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये दोन्ही कंपन्यांनी सुमारे 83 लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची सुधारणा फुकट द्यायचे जाहीर केले. ही सुधारणा करून घेतलेल्या गाड्यांच्या चोरीचे विमा दावे न केलेल्यांपेक्षा निम्म्याहून जास्त घटल्याचे त्याच संशोधन संस्थेला पुढे आढळले. शहरे तीच, रस्ते तेच, पोरे तीच, टिकटॉकही तेच. बदलली ती फक्त गाडी. वादाचा निकाल लावायला याहून चांगला प्रयोग कुणी मुद्दाम रचूनही मिळाला नसता.

एप्रिल 2023 मध्ये 17 राज्यांच्या आणि राजधानी वॉशिंग्टनच्या महाधिवक्त्यांनी या गाड्या परत बोलवाव्यात अशी मागणी केली. केंद्रीय यंत्रणेने ती मानली नाही. इमोबिलायझर कायद्याने सक्तीचा नव्हता, म्हणून त्याचा अभाव हा दोष ठरत नाही, असे तिचे म्हणणे. ग्राहकांशी सुमारे 20 कोटी डॉलरची तडजोड मात्र मे महिन्यात झाली. दरम्यान काही बड्या विमा कंपन्यांनी काही शहरांत यातल्या काही मॉडेलांचा नवा विमा उतरवणेच थांबवले होते. स्वस्त गाडी घेतली हा ज्याचा गुन्हा, त्याला शिक्षा अशी दुहेरी झाली.

आता ‘चोरांच्या लाडक्या’ गाड्यांच्या यादीकडे वळू. ती दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते आणि बहुतेक वेळा चुकीची वाचली जाते. अमेरिकेच्या यादीत शेवरोले सिल्व्हराडो आणि फोर्डचे पिकअप ट्रक वर्षानुवर्षे वर असतात, कारण ते तिथे सर्वाधिक खपतात. एका विमा कंपनीने दिल्ली परिसरातल्या दाव्यांवरून काढलेल्या यादीत वॅगन आर आणि स्विफ्ट अग्रभागी, दुचाकींत हीरो स्प्लेंडर पहिली. यात नवल ते काय? या देशात प्रत्येक गल्लीत दोन-चार स्प्लेंडर उभ्या असतात. एकूण गाड्या किती आणि त्यांतल्या गेल्या किती, हे प्रमाण काढले की यादीचा चेहराच पालटतो. अमेरिकेत असे प्रमाण काढले तेव्हा डॉज चार्जरची हेलकॅट ही दांडगी आवृत्ती सरासरी गाडीच्या 60 पटींहून जास्त चोरीला जाते असे दिसले. एकूण संख्येच्या यादीत ती वरच्या ओळींत सापडणारही नाही.

तरी नुसत्या संख्येची यादीही एक गोष्ट सांगते. 2016 सालच्या अमेरिकी यादीत होंडा अकॉर्ड आणि सिव्हिक सर्वांत वर होत्या, आणि त्यांतही भरणा होता तो 1997-98 च्या, जवळपास वीस वर्षे जुन्या गाड्यांचा. चिपची चावी आलेल्या नव्या अकॉर्डना चोर फारसे शिवत नव्हते. जुन्यांना कुलूप कच्चे आणि सुट्या भागांना गिऱ्हाईक पक्के, म्हणून त्या पळवल्या जात. 2023 च्या यादीत पहिले तीन क्रमांक ह्युंदाई एलांट्रा, ह्युंदाई सोनाटा आणि किया ऑप्टिमा यांचे. एकट्या एलांट्राचा आकडा 48 हजारांच्या वर. एक भाग गाळल्याचा परिणाम संपूर्ण देशाच्या यादीत कसा चढतो, ते इथे सरळ दिसते.

तिसरे म्हणणे आधुनिक गाडीचे. तिचा भ्रम उतरवायला फार शब्द नकोत. बिनचावीच्या गाडीचा इशारा घरातल्या चावीपासून पकडून दारातल्या गाडीपर्यंत पोचवणारी यंत्रे चोरांकडे आहेत. लंडनमध्ये 2022 साली एका टोयोटा आरएव्ही-4 चा पुढचा बंपर सुटलेला आणि दिव्याच्या तारा ओढलेल्या आढळल्या. काही दिवसांनी गाडीच गेली. मालक स्वतः मोटारींच्या संगणक सुरक्षेचा अभ्यासक! त्याने आणि सहकाऱ्याने छडा लावला, तेव्हा कळले की दिव्याच्या तारांतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात शिरून ‘चावी खरी आहे’ असा खोटा निरोप देणारे उपकरण बाजारात विकले जाते, तेही ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवून. ज्याला या विषयातले सगळे कळते त्याची गाडी दारातून जाते, तर सामान्य माणसाने आणखी कोणती दक्षता घ्यायची? कॅनडात तर न्यायमंत्र्यांच्या दिमतीची सरकारी टोयोटा हायलँडर चोरीला गेली, आणि तीही एकदाच नव्हे.

इथे एक आक्षेप मात्र वजनदार आहे. एक कुलूप मजबूत केले की चोर दुसऱ्या गाडीकडे वळतो. मग एकूण चोऱ्या कमी कुठे झाल्या? ब्रिटनमध्ये 1971 पासून नव्या गाड्यांना स्टीअरिंग लॉक सक्तीचे झाले, तेव्हा चोर खरोखरच जुन्या गाड्यांकडे वळले होते. पण पश्चिम जर्मनीने साठच्या दशकाच्या आरंभी नव्या-जुन्या सगळ्याच गाड्यांना ते लावायला लावले आणि तिथे चोऱ्या घटल्या. युरोपीय संघाने ऑक्टोबर 1998 पासून नव्या मोटारींत इमोबिलायझरची सक्ती केली. नेदरलँड्स आणि इंग्लंडमधल्या आकड्यांवर दोन डच अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास सांगतो, की जुन्या गाड्यांकडे वळलेल्या चोऱ्या जमेस धरूनही त्यामुळे एकूण चोऱ्या साधारण 40 टक्क्यांनी कमी झाल्या. तेव्हा आक्षेप खरा आहे, पण तो अर्धवट सक्तीला लागू पडतो.

कारखान्यानंतर येतो बाजार. चोरलेली गाडी कुणी छातीशी धरून बसत नाही, ती विकावी लागते. टोरांटोच्या चोऱ्यांचे मूळ तिथल्या अंगणांत शोधणाऱ्यांनी माँट्रियल बंदर पाहावे. डिसेंबर 2023 पासूनच्या मोहिमेत तिथल्या कंटेनरांतून 598 चोरीच्या गाड्या हस्तगत झाल्या. आपल्याकडे मेरठचा सोतीगंज ही अशीच जागा. उत्तर भारतातून पळवलेल्या गाड्या तिथे काही तासांत कापल्या जात. दार एका दुकानात, इंजिन दुसऱ्यात. पोलिसांनी मालमत्ता जप्त केल्यावर डिसेंबर 2021 मध्ये तो बाजार बंद झाला आणि त्याच महिन्यात पंतप्रधानांनी शाहजहानपूरच्या सभेत त्याचा उल्लेख केला. इतकी वर्षे तो चालला होता, तो अंधारात नव्हे. स्वस्त बोनेट हवा असलेल्या कोणत्याही गॅरेजवाल्याला पत्ता पाठ होता. आणि त्या गॅरेजवाल्याकडे ‘ओरिजिनल पण जुना’ पार्ट मागणारे गिऱ्हाईक म्हणजे आपणच, हेही लिहून ठेवलेले बरे.

कापणीपेक्षा बेरकी असतो तो ‘टोटल लॉस’चा धंदा. अपघातात पार चेंदामेंदा झालेली गाडी विमा कंपनीच्या लिलावात भंगाराच्या भावात घ्यायची. तिचा लोखंडी सांगाडा निरुपयोगी, पण आरसी बुक आणि चासी नंबर जिवंत. मग त्याच मॉडेलची, त्याच रंगाची धडधाकट गाडी ‘मागवायची’, तिचा नंबर ग्राइंडरने घासून त्या जागी मेलेल्या गाडीचा नंबर ठोकायचा. कागद खरे, गाडी चोरीची, आणि खरेदीदार एखादा भाबडा नोकरदार. इथे चोर गाडी निवडतो ती कागदांवरून. तिच्या मालकाने ती कुठे, कशी लावली होती याचा त्या निवडीशी संबंधच नसतो.

असे असूनही आपल्याकडचे उपाय फिरून मालकाच्याच खिशात शिरतात. 2019 च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली, मग जुन्या गाड्यांनाही ती लावण्यासाठी महाराष्ट्रात मुदतींमागून मुदती पडल्या आणि मालक पैसे भरून रांगेत उभे राहिले. पाटीचा उपयोग नाही असे नाही. पण कापलेल्या गाडीच्या दारावर, गिअरबॉक्सवर कोणता नंबर असतो? अमेरिकेने 1984 च्या कायद्याने जास्त चोरी होणाऱ्या मॉडेलांच्या मुख्य भागांवर ओळख क्रमांक घालणे बंधनकारक केले. आपल्या रोजच्या वापरातल्या बहुतेक स्वस्त मोटरसायकलींच्या चावीत आजही चिप नाही आणि हँडल लॉक एका दणक्यात तुटते. विम्याचा दावा करायला गेले तर दोन्ही चाव्या आणा म्हणतात. पोलिसांत वेळेत फिर्याद दिली असेल, तर केवळ विमा कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, एवढी साधी गोष्ट ठरवायला 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींना बसावे लागले.

करायचे ते फारसे अवघड नाही. दुचाकीसह प्रत्येक नव्या वाहनात इमोबिलायझर आणि मुख्य भागांवर क्रमांक यांची सक्ती कारखान्यावर करावी. टोटल लॉस ठरलेल्या गाडीसाठी तर नवा कायदाही नको. मोटार वाहन कायद्याचे कलम 55 सांगते, की कायमची निकामी झालेल्या गाडीची खबर 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला द्यावी आणि तिची नोंदणी रद्द व्हावी. विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडे गेलेला सांगाडा लिलावात मांडण्याआधी हे झालेच पाहिजे, ही अट परिवहन खात्याने आणि विमा नियामकाने घालावी. मग त्या लिलावात सांगाड्याला भाव येईल तो त्याच्या लोखंडाचा.