चाकांवरचे फडताळ

मागच्या दिवाळी अंकात या सदरात मी पोटमाळ्यावर लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे आली. आजेसासूबाईंचा पाळणा अजून आपल्या पोटमाळ्यावर कसा जपून ठेवला आहे, ते कुणी कळवले. नव्या सदनिकांना पोटमाळाच नसतो याबद्दल कुणी हळहळ व्यक्त केली. सोलापूरच्या एका भगिनींचे पत्र मात्र निराळे होते. त्यांचे लेक-जावई अमेरिकेत, ॲरिझोनात असतात. त्यांनी मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर घेतले आहे, आणि येत्या उन्हाळ्यात आईवडिलांना त्यातून महिनाभर हिंडवायचा त्यांचा बेत आहे. भगिनी विचारतात, "तुमचा पोटमाळा जागच्या जागी असतो. हलत्या घरात पाच माणसांचे कपडे ठेवायचे कसे, ते सांगा. लेक म्हणते, आई, एकच पिशवी आण. एका पिशवीत महिन्याचे कपडे मावतात होय?"

प्रश्न मला फार आवडला. शिवाय उत्तर द्यायला मला थोडाफार अधिकारही आहे. 2023 च्या जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाने असेच एक घर भाड्याने घेतले होते. भाऊ, भावजय, चौदा वर्षांची भाची, सात वर्षांचा भाचा, आमची आई आणि मी, अशी सहा माणसे त्यातून डेन्व्हरहून निघून यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन दहा दिवसांनी परत आलो. (आमच्या यजमानांना रजा मिळाली नाही. ते पुण्यात राहिले आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या दहा दिवसांत त्यांना प्रथमच संपूर्ण कपाट मिळाले.)

तर बाई, तुमच्या लेकीचे म्हणणे खरे आहे. पण त्याचे कारण जागा नव्हे.

या घरांत जागा भरपूर असते, इतकी की पाहून डोळे दिपतात. आमचे घर पंचवीस फूट लांब. रुंदी साडेआठ फुटांच्या आत, कारण तिकडच्या हमरस्त्यांना त्याहून रुंद गाडी चालत नाही. पलंगाची फळी वर उचलावी, तर खाली पेटारा. जेवणाच्या बाकाची गादी काढावी, तर खाली आणखी एक. डोक्यावर दोन्ही अंगांनी कप्पे, जिन्याच्या पायरीत कप्पा, मागे बाहेरून उघडणारे कोठार. मध्यमवर्गीय माणसाला रिकामा कप्पा दिसला की तो भरल्याशिवाय चैन पडत नाही. आणि नेमका तिथेच धोका असतो. दाराजवळ एक पिवळी चिठ्ठी डकवलेली असते. या घरात जास्तीत जास्त किती वजनाचे सामान भरायचे, तो आकडा तिच्यावर छापलेला असतो. आमच्या चिठ्ठीवर 640 किलो होते. ऐकायला पुष्कळ वाटते. पण टाकीत चाळीस गॅलन पाणी भरले की त्यातले दीडशे किलो तिथेच खर्ची पडतात. मग भांडी, शिधा, अंथरुणे, खुर्च्या. कपड्यांच्या वाट्याला उरते ते थोडेच. कप्पे संपण्याच्या आधी किलो संपतात, हे या घराचे पहिले गणित.

दुसरे गणित त्याहून महत्त्वाचे: वजन ठेवायचे कुठे? खेड्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. मोटारीमागच्या घराचेही तेच. त्याच्या एकूण भरल्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढे, मोटारीच्या आकड्यावर पडावा लागतो. तो कमी पडला की घर मागून झुलू लागते. आमच्या बंधुराजांनी कपड्यांच्या पेट्या, घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्यांचे खोके हे सगळे हाताशी असावे म्हणून मागच्या कोठारात रचले. शायेनच्या पुढे वायोमिंगचा प्रसिद्ध वारा आडवा लागला आणि पाठीमागचे घर शेपटीसारखे हलायला लागले. मोटारीत कुणी बोलेना. भाच्याने आजीचा हात धरला. सुदैवाने भावाने घाबरून ब्रेक दाबला नाही. पाय काढून घेतला, वेग हळूहळू उतरू दिला आणि पहिल्या थांब्याला गाडी उभी केली. अर्धा तास त्या वाऱ्यात आम्ही पेट्या वाहत होतो. जड ते सगळे खाली, चाकांच्या आसाजवळ आणि किंचित पुढे. डोक्यावरच्या कप्प्यांत फक्त हलके, म्हणजे टॉवेल, टोप्या, आतले कपडे. पुन्हा निघालो तेव्हा तेच घर शहाण्यासारखे मागून येऊ लागले. चार विजारी कुठे ठेवल्या यावर सहा जिवांचे क्षेम अवलंबून असू शकते, हे घरच्या कपाटापुढे उभे राहून कधी लक्षात येत नाही.

आणखी एक गोष्ट लेकीला आधी विचारून ठेवा. मोटार चालू असताना मागच्या घरात कुणी बसायचे नाही; तिकडच्या कित्येक राज्यांत कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे दिवसभरात जे लागेल, म्हणजे स्वेटर, छत्री, मुलांचा बदलायचा जोड, औषधे, ते मोटारीतच हवे. मागे नीट लावून ठेवलेले फडताळ दिवसभर परक्याच्या घरासारखे असते.

आता खरा विषय. भावजय मोठी टापटिपीची. तिने सहा जणांसाठी सहा रंगांच्या, चेन लावलेल्या कापडी पेट्या आणल्या होत्या: आईंची जांभळी, माझी हिरवी, मुलांची पिवळी-तांबडी. प्रत्येकीत दहा दिवसांचे कपडे गुंडाळ्या करून बसवलेले. पाहणाऱ्याने वाहवा करावी असे काम. कपड्यांच्या घड्या घालण्यापेक्षा गुंडाळ्या कराव्यात, म्हणजे सगळे वरून दिसते आणि एक काढताना चार उपसावे लागत नाहीत, हे मीही तिच्याकडून घेतले. या सगळ्या पेट्या मोठ्या पलंगाखाली गेल्या.

यलोस्टोन सरोवराजवळ फिशिंग ब्रिज म्हणून मुक्कामाची जागा आहे. समुद्रसपाटीपासून उंची पावणेआठ हजार फूट. जूनचा पहिला आठवडा, सावलीत अजून बर्फाचे ढीग, आणि रात्री पारा शून्याच्या आसपास. दोन वाजता भाचा कुडकुडत उठला. त्याचा लोकरीचा सदरा तांबड्या पेटीत, तांबडी पेटी पलंगाखाली, आणि पलंगावर आजी. आजीला उठवून, गादी सारून, फळी वर करून, विजेरीच्या उजेडात पाच पेट्या बाजूला काढून सदरा हाती येईपर्यंत घरातली सहाही माणसे जागी झाली होती. भाची चिडली, कारण शोधाशोधीत तिची पेटी उघडली गेली आणि तिचे कपडे सर्वांपुढे पसरले. त्या वयात हा अपमान लहान नसतो. ती बाकावर भिंतीकडे तोंड करून निजली आणि सकाळी चहालाही आली नाही.

सकाळी आई भावजयीला म्हणाली, "अगं, कपडा कुणाचा ते तुझ्या रंगावरून कळतं. केव्हा लागायचा, ते कशावरून कळणार?"

आईचे हे शास्त्र गिरगावातल्या चाळीतले. दहा बाय बाराची खोली, नऊ माणसे, एक फडताळ, खाटेखाली दोन ट्रंका, आणि भिंतीला ओळीने खुंट्या. ट्रंकेत जायचे ते सणाचे आणि हिवाळ्याचे. फडताळात धुतलेले. खुंटीवर मात्र फक्त आजचे आणि रात्रीचे. दुसऱ्याच्या खुंटीला हात लावायचा नाही, खुद्द सासऱ्यांनीही नाही. आई 1970 साली त्या घरात लग्न होऊन आली तेव्हा भिंतीला आठच खुंट्या होत्या. दोन दिवस तिने आपले पातळ ट्रंकेच्या कडीवर अडकवले. तिसऱ्या दिवशी आजोबांनी कुणालाही न विचारता शेजाऱ्यांकडून हातोडी आणली आणि नववी खुंटी ठोकली. "तोवर मी पाहुणी होते," असे आई सांगते.

त्या सकाळी आईने भिंती निरखल्या. भाड्याच्या घरात खिळा मारायची सोय नाही. पण भावजयीजवळ डाग न पाडता निघणाऱ्या, चिकटवायच्या आकड्यांचे पाकीट होते. बिछान्यांपासून दारापर्यंतच्या बोळात सहा आकडे लागले. प्रत्येकावर एक नाडीची पिशवी: तीत रात्रीचे लोकरीचे, उद्याचा जोड आणि मोजे. भाचीला तिचा आकडा तिने स्वतः निवडायचा, असे आजीने सांगितले. तिने सगळ्यात कोपऱ्यातला घेतला, पिशवीच्या नाडीला दुहेरी गाठ मारली, आणि मग चहा मागितला. पलंगाखालचे कपडे त्यानंतर तीन दिवसांतून एकदाच, सर्वांच्या सोयीने निघू लागले. बूट-चपला दाराशी एका पसरट ताटात. त्या आत आल्या की माती अंथरुणापर्यंत पोहोचते. लटकवायच्या अरुंद कपाटात हँगर होते, पण खड्ड्याला ते दांडीवरून उडी मारतात. आईने ते सुतळीने एकत्र बांधले आणि प्रश्न मिटवला.

कोणते कपडे न्यावेत, याबद्दल माझे मत ठाम आहे आणि भाचीला ते मान्य नाही. या घरासाठी जीनसारखे गैरसोयीचे वस्त्र नाही. जड, घडीला आडमुठी, आणि धुतली तर दुसऱ्या दिवशीही कंबरेपाशी ओली. उलट सुती पातळ पाहा. त्याला बाही नाही, गळा नाही, माप नाही; घडी केली की पाटीएवढे; आणि त्या डोंगराळ कोरड्या हवेत दोन तासांत खडखडीत वाळते. आईने दहा दिवसांना चार पातळे नेली होती. त्यांतले एक पडदा म्हणून मुलांच्या बिछान्यापुढे लागले, तेही आकड्यांवरच. मात्र वाळत घालायला झाडाला दोरी बांधू नका. बऱ्याच मुक्कामांवर त्याला मनाई असते. घराच्या आतच, न्हाणीत आडवी दांडी लावावी. मोठ्या मुक्कामांवर नाणी टाकून चालणारी धुलाईयंत्रे असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धुणे होणार हे धरले की माणशी चार जोड पुरतात. महिनाभराची सफर असली तरी चारच. महिना लांब झाला म्हणून कपडे वाढत नाहीत, धुणी वाढतात.

धुण्यावरून जॉन स्टाइनबेक आठवला. 1960 साली हा कादंबरीकार मालमोटारीवर खोलीसारखे घर बसवून, आपल्या कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघाला. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्याने त्या गाडीचे नाव रोसिनान्ते ठेवले. 1962 मध्ये त्याचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे प्रवासवर्णन निघाले, आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात कपडे धुण्याची त्याची युक्ती आहे. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादलीत कपडे, गरम पाणी आणि साबणाची भुकटी घालून ती बादली तो कपाटातल्या दांडीला रबरी दोरीने टांगून ठेवी. दिवसभर गाडीच्या हिसक्यांनी बादली नाचे आणि संध्याकाळी कपडे नुसते खळबळून घ्यायचे उरत. आमच्या भाच्याला मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा आमची एकुलती एक बादली आईने नजरेआड केली.

ओल हा या घरांचा छुपा शत्रू. पातळ भिंती, बाहेर गारठा, आत सहा माणसांचे श्वास आणि शेगडीची वाफ. पहाटे काचांवर पाणी दिसते, पण तेच पाणी बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलेल्या लोकरीतही उतरत असते. गादीखालीही. म्हणून कप्पा कधी गच्च भरू नये, भिंत आणि कपडे यांत चार बोटे अंतर ठेवावे, आणि कितीही थंडी असली तरी छताचे झडप बोटभर उघडे ठेवून निजावे. महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये चाकांवरच्या घरांच्या पर्यटनासाठी धोरण आखले. आपल्या लोकांपैकी कुणी अशा घरातून भर आषाढात कोकणात उतरणार असतील, तर त्यांनी हे चार बोटांचे अंतर सहा करावे.

शेवटी अस्वलांविषयी. फिशिंग ब्रिजला तंबू ठोकता येत नाही; पक्क्या भिंतींच्या घरांनाच परवानगी, कारण तो अस्वलांचा मुलूख आहे. खाद्यपदार्थ बाहेर ठेवायचे नाहीत हे कुणालाही पटते. पण नियमात साबण, दंतमंजन, तेल, अत्तर हेही येतात. वास येणारे ते सारे आत, बंद. रात्री न्हाणीघराकडून परतताना आईने आपला चंदनाचा साबण बाहेरच्या बाकावर वाळत ठेवला होता, तो भावाने धावत जाऊन आत आणला आणि नियम समजावून सांगितला. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले, साबण कागदात गुंडाळून आपल्या पिशवीत टाकला, पिशवी आकड्याला अडकवली आणि म्हणाली, "इतक्या गारठ्यात आंघोळीला कोण येतंय?"