दादा, पाणीचोर कुणाला म्हणालास?

दादा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. पण तू जे बोललास ते मांडवात, माइकवरून बोललास. म्हणून मीही चारचौघांत लिहिते आहे. ‘खालचे पाणीचोर आहेत, त्यांना एक थेंब मिळणार नाही.’ तो व्हिडिओ माझ्या पोरानेच मला दाखवला. मामाचा आवाज ओळखून तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आई, खालचे म्हणजे आपणच ना?’

तू बोललास ते 2023 चं साल होतं. 1901 पासून नोंदी आहेत, त्यात देशातला इतका कोरडा ऑगस्ट कधी झाला नव्हता. गोदावरीच्या वरच्या अंगाला तुमच्या निफाडात पोळ्याला चिखल नव्हता, खाली आमच्या पैठणातही नव्हता. 2005 च्या कायद्याने खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची असं ठरलं आहे. 15 ऑक्टोबरला आमचं पैठणचं धरण, नाथसागर, 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा तेव्हा नियम होता. त्याप्रमाणे 30 ऑक्टोबरला 8.6 टीएमसीचा आदेश निघाला. आणि लगेच तुमच्याकडे आंदोलन, आमच्याकडे आंदोलन, दोन्हीकडून कोर्टात धाव. आदेश निघाला आणि पाणी सुटलं, त्याच्या मधोमध भाऊबीज आली. मी ताट करून ठेवलं होतं.

तुला पाण्याची मारामारी माइकवरची वाटते. मला ती कपाळावर आठवते. 2013 च्या उन्हाळ्यात आमच्या मोसंबीवर कुऱ्हाड चालली. मामंजींनी लावलेली झाडं, जळण म्हणून गेली. टँकर चार दिवसांनी यायचा. शेजारची, जिच्यासोबत मी दर चैत्रात पापड लाटले, तिने नळीसाठी झालेल्या ओढाताणीत हंडा फिरवला आणि तो मला लागला. चार टाके पडले. तिच्या घरात ओली बाळंतीण होती, हे मला नंतर कळलं. तिच्यावरचा राग केव्हाच गेला. पण आम्ही पुन्हा एकत्र पापड लाटले नाहीत. दुष्काळाने नेलेल्या गोष्टींच्या पंचनाम्यात हे कुठे लिहितात?

2016 ला लातुरात टाक्यांभोवती आणि टँकर भरायच्या ठिकाणी 144 कलम लावलं. दंगलीचं कलम, तहानलेल्या माणसांना! मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, करायलाच हवं होतं. पण ते कलम माझ्या मनातून जात नाही. त्याच साली सप्टेंबरात कावेरीच्या पाण्यावरून बंगळुरात बसगाड्या जाळल्या, माणसं मेली. पाणी सोडताना वाटेत कुणी ते अडवू-उपसू नये यासाठी आपल्या गोदेच्या काठची वीज तोडतात, बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात, पोलीस गस्त घालतात. म्हणून माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एखाद्या रात्री फळीला हात घालणारा तू असशील आणि काठी घेऊन आलेल्यांत माझा पोर असेल, तर?

अरे, पाऊस तुझ्याशीही सरळ वागत नाही. अरबी समुद्र तापतोय, वारे लहरी झालेत. महिनाभर टिपूस नाही आणि मग चार तासांत महिन्याचा पाऊस. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यात कोसळणारी अतिवृष्टी 1950 नंतर तिपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञांनी 2017 मध्येच दाखवून दिलं. पाऊस असा झाल्यावर वाटपाचं बोलणं जूनमध्ये, धरणं रिकामी असतानाच व्हायला हवं. पण सरकार आपल्याला ऑक्टोबरपर्यंत ताटकळत ठेवतं, माणसं रस्त्यावर आली की आदेश काढतं आणि नंतर पोलीस पाठवतं. दर दुष्काळाला हेच. आमच्याकडेही कालव्यावर ऊस उभा आहे, तो मी झाकत नाही. पण टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाच्या वाट्याला तोही येत नाही.

2023 च्या त्या नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी सुटलं. त्याच दिवसांत, 26 तारखेला, तुमच्याकडे गारपीट झाली. टीव्हीवर निफाडच्या द्राक्षबागा पाहिल्या, घड मातीत पडलेले, आणि मला आपली बाग दिसली, जिच्या बांधावर बसून आपले आबा न्याहारी करायचे. मी तुला फोन केला. तू म्हणालास, ‘मिळालं ना पाणी? आता काय पाहिजे?’

दादा, मी रडत होते रे. तुझ्या बागेसाठी.

2025 च्या सप्टेंबरात याच नाथसागराचे दरवाजे उघडावे लागले, दोन लाख क्युसेकहून जास्त पाणी सुटलं, गोदाकाठ बुडाला. ज्या पाण्यासाठी तू मला चोर म्हणालास, ते एका रात्रीत माझ्या ओसरीला लागलं. कपाशी सडली. आम्ही गुरं सोडून शाळेत जाऊन बसलो होतो, तेव्हा वहिनीचा फोन आला. तिच्या मागून तुझा आवाज ऐकू येत होता, ‘विचार तिला, पाणी कुठवर आलंय. पोरं कुठेत विचार.’

फोन तू हातात घेतला नाहीस.

तुझी,
बहीण