संप्रेरकांचा अंमल आणि नवजातांची तपासणी

मुलगा की मुलगी, हा जो प्रश्न आपल्याकडे प्रसूतिगृहाच्या दारात सर्वांआधी विचारला जातो, त्याचे उत्तर गुणसूत्रांनी गर्भधारणेच्या क्षणीच दिलेले असले, तरी त्याचा मेंदूवर जो संस्कार होतो तो पुढे संप्रेरकांच्या अंमलाखाली होतो, हे १९५९ साली कॅन्सस विद्यापीठात गिनीपिगांवर झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. उंदरांच्या विकसनशील मेंदूत टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन बनते, ते आपल्या ग्राहक-प्रथिनासह डीएनएला बिलगते आणि काही जनुके जागी, तर काही निद्रिस्त करते. शिवाय डीएनएवरील मिथिल-खुणाही बदलत असल्याने संप्रेरक ओसरले तरी त्याचा हुकूम दप्तरी कायम राहतो.

मनुष्यावर असा प्रयोग करणे अधर्म्य होय. परंतु अधिवृक्क ग्रंथींच्या ज्या जन्मजात विकाराला डॉक्टर 'सीएएच' म्हणतात, त्यात एका जनुकाच्या दोषामुळे कॉर्टिसोल पुरेसे बनत नाही आणि पुरुषी संप्रेरके गर्भातच अतिरिक्त स्रवतात. अशा मुलींचा ओढा बालपणी पुष्कळदा मुलग्यांच्या खेळांकडे दिसतो, तथापि त्यांतील बहुसंख्य मोठेपणी स्वतःला स्त्रीच मानतात. संप्रेरके कल निर्माण करतात, प्राक्तन लिहीत नाहीत; म्हणूनच त्यांच्या आधारे मुलींची बौद्धिक कुवत ठरवू पाहणाऱ्यांचा दावा मला सर्वथा अमान्य आहे.

मात्र या विकाराचे खरे भय निराळेच आहे. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातील क्षार वाहून जातात, आणि मुलग्यांच्या बाह्यांगावर काहीच खूण नसल्याने निरोगी म्हणून घरी गेलेले बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वांत्या होऊन दगावू शकते. मुंबईसह पाच महानगरांत लाखाहून अधिक नवजातांची जी पाहणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केली, तीत दर ५७६२ बालकांमागे एकास हा विकार आढळला. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून संशय येतो, मग खात्रीची तपासणी होते आणि नित्य औषधांवर मूल वाढते. गोव्यासारख्या लहान राज्याने २००८ सालीच नवजातांच्या रक्ततपासणीचा उपक्रम हाती घेतला. नियोजनाचा अभिमान बाळगणाऱ्या नवी मुंबईला तेवढे खचितच अशक्य नाही. वाशी, नेरूळ व ऐरोली येथील पालिका इस्पितळांत जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाची ही चाचणी विनामूल्य व्हावी, तीत दोष आढळल्यास पालकांना त्याच आठवड्यात बोलावण्याची तजवीज असावी, आणि औषधांची तरतूद महानगरपालिकेने आपल्या येत्या अंदाजपत्रकात करावी, अशी आग्रहाची विनंती आहे.