तारीख नसलेले दिवस

मेलबर्नमध्ये कामाला जाताना माझी ट्राम स्वॉन्स्टन स्ट्रीटवरच्या पार्क हॉटेलसमोरून जायची. वरच्या मजल्यांवरच्या बंद काचांमागे माणसं उभी दिसत. कुणी हात हलवी, कुणी नुसतंच रस्त्याकडे बघत राही. जानेवारी २०२२ मध्ये टेनिसपटू नोव्हाक जोकोविचला व्हिसाच्या वादात तिथे ठेवलं, तेव्हा जगभरचे कॅमेरे आले. तो काही दिवसांत घरी गेला. त्या काचांमागचे काही निर्वासित मात्र २०१३ पासून अडकलेले होते.

१९ जुलै २०१३ ला ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं की यापुढे आश्रयासाठी बोटीने येणाऱ्या कुणालाही इथे वसू देणार नाही. त्यांना मानुस आणि नाउरू बेटांवर धाडण्यात आलं; पार्क हॉटेलातले ते निर्वासितही तिथूनच नंतर मेलबर्नला आणलेले. कुर्दी पत्रकार बेहरूझ बूचानी मानुसवर होता. तिथला दिवस म्हणजे रांगा, हे त्याने लिहून ठेवलंय. जेवणाला रांग, फोनला रांग. त्याला हाक मारली जायची ती एमईजी-४५ या नंबराने. वेळ जावा म्हणून कुणीतरी टेबलावर सोंगट्यांचा पट आखला, तर पहारेकऱ्यांनी तोही खोडून टाकला. अशा जागी बूचानीने लपवलेल्या फोनवरून व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने अख्खं पुस्तक मित्रांकडे पाठवलं. २०१९ मध्ये त्या पुस्तकाला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वोच्च साहित्य पुरस्कार मिळाला. लेखक तेव्हाही मानुसवरच होता.

ठरावीक मुदतीची शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख ठाऊक असते. भिंतीवर रेघा ओढून तो उरलेले दिवस मोजतो. व्हिसाच्या निकालासाठी डांबलेल्या माणसाला मोजता येतात ते फक्त गेलेले दिवस. वकिलाचा फोन आज येईल, या आशेवर तो उठतो आणि फोन आला नाही म्हणून रात्रभर जागा राहतो.

इथल्या मराठी घरांत पीआरची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, वाट बघणं सगळ्यांनी अनुभवलंय. मीही महिनोन्‌महिने रोज मेल उघडून बघायचे. पण ती वाट मी माझ्या घरात बघितली, स्वतःच्या हाताने चहा करून, मनात येईल तेव्हा दार उघडून बाहेर पडत. त्या दाराची किंमत मला ट्रामच्या खिडकीतून कळली.

२००४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत स्थानबद्धता वैध ठरवली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तो निर्णय फिरवला: ज्याला नजीकच्या काळात देशाबाहेर पाठवणं शक्यच नाही, त्याला डांबून ठेवता येणार नाही. शंभराहून अधिक माणसं सुटली. पण ज्यांचा अर्ज अजून कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे, त्यांच्यासाठी कायद्यात दिवसांची मर्यादा आजही नाही.

कुणाला देशात घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला जरूर असावा. पण ते ठरेपर्यंत माणसाला कोंडायचंच असेल, तर किती दिवस, हा आकडा कायद्यात लिहिलेला हवा.