एम.एस्सी. झाली, आता पुढे काय?

“पोरगी केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली, आणखी किती शिकवायची?” हा प्रश्न आपल्या वस्तीत नेहमी ऐकू येतो. त्यामागे घरची ओढाताण असते, म्हणून त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण पालकांनो, पीएच.डी. म्हणजे नुसता खर्च नव्हे. फेलोशिप मिळाली तर प्रयोगशाळेतले संशोधन हे दरमहा पैसे देणारे काम आहे.

त्यासाठी सी.एस.आय.आर.-यू.जी.सी.ची नेट परीक्षा असते. मटेरियल सायन्सचा वेगळा पेपर नाही. रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र घेऊनच तिकडे जाता येते. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, शिवाय घरभाडे. पुढे काम समाधानकारक ठरले तर ४२,०००. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. एकूण मुदत पाच वर्षे. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला एम.एस्सी.ला ५० टक्के पुरतात आणि ३० वर्षांच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे.

पुण्यात १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, सी-मेट आहे. मुंबईत माटुंग्याला पूर्वीची यू.डी.सी.टी., म्हणजे आताची आय.सी.टी. तिथे काय करतात? बॅटरीसाठी एखादी पूड भट्टीत तापवायची, क्ष-किरणांच्या यंत्रात तिची रचना तपासायची, फसले की प्रमाण बदलून पुन्हा तापवायची. चिकाटीचे काम आहे, आणि चिकाटी आपल्या मुलांना शिकवावी लागत नाही.

‘प्रोजेक्ट असोसिएट’च्या जाहिरातीही येतात. ही जागा नेटशिवायही मिळू शकते, मोठ्या यंत्रांवर हात बसतो. मात्र प्रोजेक्ट संपला की जागा संपली. कायम करतील या आशेवर तिथे वर्षे घालवू नयेत. फेलोशिपही कायम नोकरी नाही. शास्त्रज्ञाच्या जागेसाठी पुढे वेगळा अर्ज करावाच लागतो.

माझ्याकडे फॉर्म भरायला येणारी बरीच मुले एम.आय.डी.सी.त केमिस्ट म्हणून लागलेली असतात. बारा तासांची पाळी करून नेटचा अभ्यास कसा व्हायचा? जमत असेल त्या घराने सहा महिने भार उचलावा. मुलासाठी उचलता तसा मुलीसाठीही.

शेवटी एक कारकुनी गोष्ट. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या यादीत नावे जातींची आहेत. नुसते ‘बौद्ध’ लिहिलेला दाखला तिथे अडतो. केंद्राच्या नमुन्यातला, मूळ जातीची नोंद असलेला दाखला आधीच काढून ठेवा. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तो हाती पडत नाही.