दोष गोळीचा नव्हे, अदलाबदलीचा

"ही आमची गोळी नाही भाऊ, आमची गुलाबी होती." अमळनेरच्या कुठल्याही मेडिकलवर हे वाक्य कानी पडते. "आबा, औषध तेच, कंपनी वेगळी," हे उत्तर आबांना पटत नाही. त्यांची बाजू घेणारेही पुष्कळ: जेनेरिक म्हणजे हलका माल, म्हाताऱ्या जिवाशी खेळ नको.

हा आक्षेप मुळातच लंगडा आहे. 2005 पर्यंत तीनेक दशके भारतात औषधाच्या उत्पादनावर पेटंटच मिळत नव्हते. त्यामुळे बीपी-शुगरच्या जुन्या औषधांचे आपले बहुतेक नामांकित ब्रँडही जेनेरिकच आहेत; नाव मोठे, किंमत मोठी. गुणाचे म्हणाल, तर हृदयविकाराच्या औषधांवरील अभ्यासांचा आढावा 2008 मध्ये 'जामा' या नियतकालिकात आला. ब्रँडेड औषध सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला बनावट अँटिबायोटिक पुरवल्याचे प्रकरण गाजले, ते खरेच. पण बनावट आणि जेनेरिक या वेगळ्या गोष्टी. भामटे महागड्या ब्रँडचीही नक्कल करतात. तपासणी ढिली असेल तर ती दोघांनाही भोवते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. कॅनडातील क्वेबेकमध्ये लोसार्टान, वाल्सार्टान व कॅन्डेसार्टान या बीपीच्या औषधांची जेनेरिक आवृत्ती बाजारात आली, त्याच महिन्यात 66 वर्षांवरील रुग्णांच्या रुग्णालयातील फेऱ्या 8 ते 14 टक्क्यांनी वाढल्याचे 2017 च्या अभ्यासात दिसले. मग गोळीच वाईट? 2014 चा एक अमेरिकी अभ्यास वेगळी दिशा दाखवतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर जेनेरिक औषधे घेणाऱ्यांची गोळी रंगाने बदलली, तर औषध सोडण्याची शक्यता 34 टक्क्यांनी वाढली. आकार बदलला, तर 66 टक्क्यांनी. तिथे ब्रँडचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे तर स्ट्रिपवरचे इंग्रजी अनेक वृद्धांना वाचता येत नाही; गोळी रंगावरून ओळखायची. त्यात चारच गोळ्या मागितल्या की मेडिकलवाला कात्रीने तुकडा कापतो, आणि नाव उरलेल्या तुकड्यावर राहते. घरी जुनी गुलाबी असतेच. आबा दोन्ही घेतात, चक्कर येऊन पडतात, आणि खापर फुटते जेनेरिकवर.

तरीही जेनेरिकच हवे. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांची कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-95) किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली. त्यात महागडा ब्रँड घ्यायचा, तर गोळी एक दिवसाआडच होणार.

मात्र बदल एकदाच व्हावा. जुनी स्ट्रिप घरातून काढावी, नव्या पाकिटावर मराठीत 'बीपी, सकाळी' असे लिहावे आणि पंधरवड्यात बीपी मोजावे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, फिटचे फेनिटॉइन, थायरॉइडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलूच नये. औषधाचे मूळ नाव लिहिण्याची सक्ती राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणली आणि त्याच महिन्यात स्थगित केली. ती पुन्हा येईल तेव्हा एक कलम जोडावे: दीर्घ आजाराच्या रुग्णाला दर महिन्याला त्याच कंपनीची गोळी मिळावी, आणि बदलावीच लागली तर दुकानदाराने तसे चिठ्ठीवर लिहून द्यावे.