दुर्बिणीचे भय आणि वैद्याचे कर्तव्य

कारधा येथील माझ्या चिकित्सालयात गतवर्षी साठी ओलांडलेले एक शेतकरी आले. सहा महिन्यांपासून मलासोबत रक्त पडत होते. मूळव्याध समजून नाना औषधे घेऊन झाली होती. मी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, सुचविली. ते म्हणाले, “एकदा गेलो होतो जी, डाक्टरसाहेब. दुखनं सहन नाही झालं, अर्ध्यावरच उठून आलो. तुमची पुडीच द्या.”

पुडी दिली असती तर रुग्ण संतुष्ट झाला असता. परंतु रक्तस्राव अर्शाचा की अर्बुदाचा, हे पुडीने कळत नाही.

आपल्याकडे काही वैद्यबंधू या तपासणीच्या भयावरच आपली चिकित्सा उभी करतात. हे शास्त्रसंमत नाही. सुश्रुताचार्यांनी अर्शोयंत्र गोस्तनाकार, चार अंगुले लांब व स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळ्या परिघाचे सांगितले. दर्शनासाठी दोन छिद्रे, कर्मासाठी मात्र एकच. हेतू हा की क्षार वा अग्नी निरोगी भागास लागू नये. चरकाचार्यांनी बस्तिनेत्राचे आठ दोष गणले. प्राचीनांजवळ कोलोनोस्कोप होता, असा दावा मी करीत नाही. यंत्राने होणारी पीडा हा यंत्राचा व योजकाचा दोष मानावा, ही दृष्टी मात्र त्यांची आहे.

याच दृष्टीने आधुनिक तंत्राकडे पाहावे. १९६९ साली न्यूयॉर्क येथे डॉ. वुल्फ व डॉ. शिन्या यांनी उदर न उघडता दुर्बिणीतूनच पॉलिप काढला. वेदना मुख्यतः दोन कारणांनी होते : नळीचा वेढा पडून आतड्याचा बंध ताणला जातो आणि आत भरलेल्या हवेने आतडे फुगते. उपायही त्यानुसारच आहेत. हवेऐवजी कर्बवायू भरल्यास तो त्वरित शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो व नंतरचा आध्मान-शूल कमी होतो. हवेऐवजी पाणी भरीत नळी पुढे नेल्यास आतडे फुगत नाही व वेढाही कमी पडतो. नळीचा ताठरपणा गरजेनुसार कमी-अधिक करता येतो. रुग्णास कुशीवर वळविणे व साहाय्यकाने पोटावर योग्य जागी हात दाबून धरणे, यांनीही वेढा आवरतो. सर्व यंत्रांत हात श्रेष्ठ, हे सुश्रुतवचन येथे आठवते. शिवाय गुंगीचे औषध आहेच.

त्या शेतकऱ्यांना मी हे सर्व समजावले, पूर्वीच्या वेदनेचा उल्लेख करून पत्र दिले आणि गुंगी व कर्बवायूची सोय आहे का, हे आधी विचारून नागपूरला पाठविले. तपासणी पूर्ण झाली. दोन पॉलिप सापडले व त्याच वेळी काढले गेले. अशा पॉलिपांपैकी काहींचे कालांतराने कर्करोगात रूपांतर होते, हे आपण जाणतोच.

वैद्यबंधूंनो, मलातील रक्त दिसताच अर्श गृहीत धरू नका. रुग्णास दुर्बिणीचे भय घालू नका. वेदना कमी करण्याचे कोणते उपाय तेथे आहेत, हे विचारण्याचे धैर्य द्या. निदानापूर्वी चिकित्सा नको, हा आपलाच सिद्धान्त आहे.